मार्थाक्काचं शास्त्र

मार्थाक्का शास्त्र वाचायला बसली की भिंतीकडे तोंड करून बसायची. भिंत अर्धीच, छातीइतकी उंच. तिच्यापलीकडे वेगळ्या चुलीपाशी तिची सासू पार्वतीआजी बसलेली असे. मार्थाक्का मोठ्यानं चार ओळी वाचून थांबे, आणि पलीकडून काही बोलणं आल्यावरच पुढं जाई. लग्न होऊन मी शहापुरात आले, त्या पहिल्याच तिन्हीसांजेला हे कानावर पडलं आणि मला वाटलं शेजारी भांडण चाललंय. माझ्या सासूबाई म्हणाल्या, भांडण नव्हे, किरिस्तावीण सासूला पुस्तक वाचून दाखवते आहे, तू तिकडं कान देऊ नकोस.

कान न देऊन कसं चालेल? घराला घर लागून होतं. आमच्या मागाचा खटखटाट थांबला की त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा.

मार्थाक्का मूळची लक्ष्मी, विणकराचीच सून. तिचा नवरा शिवराम एकदा तापानं मिशनच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होता. तिथं त्याला कुणी बायबल वाचून दाखवलं, आणि पुढं नवराबायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. गल्लीनं त्यांना आडावर पाणी भरायची बंदी केली. विणायला सूत मिळेनासं झालं. त्यातच काही वर्षांनी शिवराम वारला. लष्करी कॅम्पातल्या मिशननं मार्थाक्काला खोली देऊ केली आणि घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम दिलं. काम तिनं घेतलं, खोली घेतली नाही. म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं.

म्हातारीनंही सुनेला घराबाहेर काढलं नाही. फक्त मधे अर्धी भिंत घालून घेतली, चूल वेगळी केली, आणि सुनेच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. मार्थाक्का स्वतःपुरतं पाणी लांबच्या विहिरीवरून आणी. आजीची घागर आधी माझ्या सासूबाई भरत, नंतर ते काम माझ्याकडे आलं. घागर ठेवायला गेले की मी जरा रेंगाळत असे. त्या घरात बायबल एकटी मार्थाक्का वाचत होती, पण ते चालायचं दोघींत.

उधळ्या मुलाची गोष्ट मी तिथंच ऐकली. बापानं परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी केली, इथवर आजीनं ऐकलं. मग म्हणाली, "आणि थोरल्याचं काय? त्यो शेतात राबला त्यो राबला. त्याला कोण इचारतंय?"

"बा त्याला बी आत बोलवतोय की आई. त्योच बाहेर हुबा ऱ्हायलाय."

"ऱ्हाईल न्हाई तर काय करंल," आजी म्हणाली, आणि त्या दिवशीचं वाचन तिथंच संपलं.

रूथची गोष्ट तर आजीला फार लागली. विधवा सून सासूला सोडत नाही, तुझा देव तो माझा देव असं म्हणून तिच्यामागं परमुलखात जाते, हे तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या सुनंनं सासूचा देव घेतला. माझ्या सुनंनं न्हाई घेतला."

मी उगाच घागरीवरचं झाकण सारखं करत राहिले. मार्थाक्कानं पुस्तक मिटलं. "देव न्हाई घेतला, आई," ती म्हणाली. "पण सासू सोडली न्हाई."

त्या पुस्तकातले शब्द तिच्या रोजच्या बोलण्यात शिरले होते. बाजारात वांगी घेतानाही ती विचारी, "ही खचित आजचीच हाईत न्हवं रं?" पोरं तिला खचितक्का म्हणून चिडवत, ती हसे. त्या गोष्टींच्या ओव्याही तिनं बांधल्या होत्या. रहाटावर सुताच्या कांड्या भरताना त्या आमच्या गल्लीत सगळ्याजणी म्हणत.

हरवली गं मेंढी माझी, रान पालथं घातलं
गवसली काट्यांमंदी, तिला खांद्याव घेतलं

सासूबाईंना ही ओवी फार आवडे. ती कुणाची, हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ती म्हटली नाही. दुसऱ्या दिवशी रहाट सुरू झाला तशी त्यांनी आपणहून ती ओवी धरली.

पुढं आजीनं अंथरूण धरलं. तिच्या भाकरीचंही मीच बघू लागले. बाकी सगळं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, मळलेली लुगडी धुणं, मार्थाक्का करी. एवढं शिवलेलं आजीला चाले. पाणी मात्र नाही. त्या उन्हाळ्यात शेजारच्या वडगावला आमच्या जातीत लग्न होतं आणि झाडून सगळी गल्ली तिकडं गेली. निघताना मी आजीला पाणी पाजून गेले. ती बरी बोलत होती.

दुपारी पंगती बसल्या असताना कुणीतरी सांगत आलं की मांडवाबाहेर शिवरामची बायको उभी आहे आणि तुला बोलावते आहे. मी गेले. ती उन्हात उभी होती, आत यायला तिला बंदी होती. आजीला तहान लागली आहे, एवढंच ती म्हणाली. आम्ही दोघी पळतच निघालो. वाटेत तिनं सांगितलं की आजीचं भान गेलंय, ती नुसती पाणी पाणी करते आहे, आणि गल्लीत हाक मारायला कुणी नाही. मी विचारलं, मग तू का नाही दिलंस? ती आणखी जोरानं पळू लागली. पोचेपर्यंत आजी जिवंत असेल की नाही, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

आजी होती. मी घागरीतलं पाणी घेऊन थोडं थोडं तिच्या तोंडात घातलं. ती प्याली, सावकाश डोळे उघडले. मार्थाक्का उशाशी बसली होती. तिचे तळवे पोळून लाल झाले होते, एका टाचेची साल निघाली होती. आजीनं हात लांबवून तो पाय चाचपला.

"एवढ्या उन्हात अनवाणी गेलतीस?"

 दिवस मावळायच्या आत आजी गेली. जातीतल्या माणसांनी तिला नेलं. मार्थाक्का गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली.

दोन-तीन दिवसांनी कॅम्पातल्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. भला माणूस. पण झालेलं ऐकून त्यांना वाईट वाटलं. तहानेल्याला पाणी द्यावं हे शास्त्रात इतकं उघड सांगितलं असताना मरणाऱ्या माणसाला एकटं टाकून ती लग्नघरी कशी गेली, असं त्यांनी विचारलं. वाटेत उशीर झाला असता तर?

मार्थाक्का खाली बघत म्हणाली, "ती भानावर न्हवती, साहेब. मी दिलं असतं तर ती प्याली असती. जलमभर जे घेतलं न्हाई, ते तिला कळायच्या आत तिच्या तोंडात घालायचं? मला न्हाई जमलं."

पाळकसाहेबांना ते पटलं नाही. त्यांनी प्रार्थना केली आणि ते गेले. मला वाटलं होतं, तिची स्वतःची तरी खात्री असेल. पण ते गेल्यावर ती मला म्हणाली, "ते म्हणत्यात ते बी खरंच हाय. ती माझी वाट बघत मेली असती तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? मी रोज इचारते देवाला. अजून त्यानं काय सांगितलं न्हाई." पुढं कितीतरी वर्षं ती हे मधूनच काढी. कधी तिला वाटे चुकलं, कधी वाटे नाही. मलाही आजवर ते ठरवता आलेलं नाही.

मार्थाक्का गेली ती दुसऱ्या लढाईच्या दिवसांत. सूत कंट्रोलचं, सरकार देईल तेवढंच, झालं होतं, निम्मे माग बंद पडले होते. न्युमोनियानं चार दिवसांत तिचं आटोपलं. कॅम्पाजवळच्या दफनभूमीत तिला पुरलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका गेल्या होत्या. सासूबाई खूप थकल्या होत्या, तरी माझा हात धरून आल्या. तिथं काय करायचं असतं हे आम्हांला ठाऊक नव्हतं. तिथली माणसं करतील तसं आम्ही केलं. पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर एकेकीनं मूठभर माती टाकली आणि आम्ही परतलो.

घरी आल्यावर अंघोळी झाल्या. मुलं भुकेजली होती, म्हणून मी चूल पेटवायला गेले. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला थांबवलं.

"आज चूल पेटवू नगंस," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस गेलंय."