पाण्यातला मासा

साहेबांनी काचेचं भांडं टेबलावर ठेवलं. आत एक मासा. केशरी, बोटाएवढा. सगळी टीम भोवती उभी, हातात कॉफीचे कागदी कप.

"मौलाना," साहेब म्हणाले, "हा विका."

मी हसलो. मला हसायची सवय आहे. घरात लग्न असो की मयत, पोरं माझ्याभोवती गोळा होतात, चाचा काहीतरी सांगणार म्हणून.

"विका ना. पाण्यातलाच आहे. बघू या आभाळ कोसळतं का."

कोणीतरी मोबाईल वर धरला. पन्नाशी उलटलेला, टाय लावलेला मी भांड्यापुढे उभा राहिलो. आणि विकला.

"चारी बाजूंनी काच आहे, मॅडम. सी फेसिंग. चोवीस तास पाणी."

टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली. भांडं माझ्याच टेबलावर राहील, म्हणाले. रोज सकाळी मीटिंगआधी सगळ्यांसमोर मी त्याला दाणे घालायचे.

चांगला विकला होता मी. तेच खातं मला. झोपेत अजून माझाच आवाज ऐकू येतो. सी फेसिंग. चोवीस तास पाणी.

हे झालं कशावरून, ते सांगतो. मी लालबागला एका टॉवरच्या सेल्स ऑफिसात होतो. टॉवर म्हणजे तेव्हा नुसता खड्डा आणि ऑफिसात थर्माकोलचं मॉडेल. मॉडेलमधल्या झाडांना पण लाईट होते. आदल्या दिवशी साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, वरच्या मजल्यांचं बुकिंग सुरू करा. परवानगी आली नव्हती. "येईल," साहेब म्हणाले. "कस्टमरला एवढं सांगत बसायचं नाही."

मी मागून म्हणालो, "साहेब, हा तर पाण्यातला मासा झाला. आमच्यात असा विकत नाहीत."

हसत म्हणालो. नेहमीसारखा.

हे वाक्य अब्बांचं. आम्ही रत्नागिरीकडचे. अब्बा भाऊच्या धक्क्यावर मासळीचा व्यापार करायचे. होडी समुद्रात असतानाच काही व्यापारी सौदा ठोकायचे, येईल ती मासळी माझी म्हणून. अब्बा नाही. होडी लागेपर्यंत चहा पीत बसायचे. टोपली समोर आली, हात घातला, की मग बोलायचे. त्यांना हसायचे लोक. ते मला म्हणायचे, "दिसत नाय, मोजता येत नाय, हातात नाय. मग तू विकतोस काय? समोरच्याचा भरोसा विकतोस. तो तुझ्या बापाचा आहे काय?"

किताबात याला गरर म्हणतात, असं पुढे मशिदीतल्या मौलवींनी सांगितलं. जे नक्की नाही, त्याचा सौदा. मला तो शब्द घशात कफ अडकल्यासारखा वाटायचा. मी त्याच्यावरही विनोद करायचो.

आता साहेबांविषयी. शिवाजी पार्कचे. फार शुद्ध बोलायचे. अपमानसुद्धा शुद्ध करायचे, 'तुम्ही' म्हणून. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझं नाव वाचून म्हणाले, "फोनवर समीर म्हणा. समीर दोन्हीकडे चालतं." गळ्यातल्या कार्डावरही समीरच छापून आलं. घरी बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "बरं झालं. या समीरलाच आता बाजारात पाठवते, तुम्ही बसा." आम्ही दोघं हसलो. रात्री जेवताना ती कार्डाकडे बघत राहिली, तेव्हा मी ते खिशात घातलं.

मासा टेबलावर आला त्याच आठवड्यात काकी आली. आमच्या परळच्या चाळीतली, शेजारच्या खोलीतली. मूळची मालवणची. काका गिरणीत होते, आता नाहीत. माझी आई गेली तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती. भाताचा टोप घेऊन आधी आली ती काकी. अशी काकी. हातात पेढ्यांचा बॉक्स. गावची आंब्याची कलमं विकून आली होती. चाळीतली खोलीही विकायला काढली होती. बत्तिसावा मजला हवा होता.

"झिला, थयसून समुद्र दिसतलो मा रे?"

तिनं पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. समोर फॉर्म. हातात पेन. बाजूला भांड्यात तो मासा, तोंड उघडत, मिटत.

मी पेन खाली ठेवलं.

"काकी, हा पाण्यातला मासा. मी विकणार नाही."

ती हसली. "तुझी मस्करी म्हातारी होवक नाय अजून."

आणि मीही हसलो. तोंडात पेढा होता तरी.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी ऐकलं होतं. काकीपुढे वाकून म्हणाले, "आजी, यांच्या धर्मात असतं असं काहीतरी. हराम की काय ते. आपल्याला त्याचं काय? या, मी बघतो तुमचं."

आपल्याला.

त्या एका शब्दात काकी टेबलाच्या त्या बाजूला गेली. मी या बाजूला राहिलो.

मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "मी नाही विकणार, साहेब. आजपासून काहीच नाही."

"तुमचा मासा घेऊन जा," साहेब म्हणाले. कोणीतरी खी: करून हसलं.

भांडं मांडीवर घेऊन बसनं घरी आलो. बायकोनं बघितलं, म्हणाली, "नोकरी सोडून एवढाच मिळाला? याचं कालवण कुणाला पुरणार?" मग आत जाऊन रडली.

मला वाटत होतं मी मोठं काहीतरी करून आलोय. नकार दिला. अब्बांचं नाव राखलं. पण वरच्या मजल्यांना परवानगी नाही, हे चार शब्द मी बोललो नव्हतो. काकी पुढ्यात बसली होती. एक वाक्य लागलं असतं. साहेबांनी धर्म काढला आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. धर्म निघाला की आपण गप्प बसायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. तरी पाठ आहे.

काकीनं बत्तिसावा मजला घेतला. साहेबांनी स्वतः फॉर्म भरला.

परवानगी आली नाही. पुढे कंपनीच्या मालकांचं आपसात बिनसलं आणि काम थांबलं. खड्डा राहिला. त्यात पाणी साठलं, हिरवं. आता त्यात मासे आहेत. खरंच आहेत. कुणी सोडले देव जाणे. माझा नव्हे, माझा घरी मेला. पोरं कुंपणाच्या पत्र्याच्या फटीतून गळ टाकून बसतात. मी रस्ता बदलून बघितला. त्या पाण्यात काहीतरी डुबकन वाजतं, ते पलीकडच्या फुटपाथवरही ऐकू येतं.

काकी तिथे येते. चाळीतली खोली गेली, आता भाचीकडे एका कोपऱ्यात असते. पत्र्याला हात लावून उभी राहते आणि वर बघते. वर काही नाही. नुसती हवा, घारी फिरतात.

"थय माझी खिडकी," ती एकदा म्हणाली. बोट वर करून अगदी नेमकी जागा दाखवली.

मी म्हणालो, "काकी, मी सांगितलं होतं तुला."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"सांगलंस रे. पण हळू सांगलंस."

त्या दिवसापासून मला नीट हसता आलेलं नाही. अब्बा पाण्यातला मासा विकत नव्हते, ते मला आयुष्यभर त्यांच्या परहेजगारीचं वाटलं. आपल्या घरातलं, सोवळ्यासारखं जपायचं काहीतरी. ते तसं नव्हतंच. ती बंदी विकणाऱ्याच्या पुण्यासाठी नाही, घेणाऱ्याच्या ताटासाठी आहे. काकीसाठी होती ती. धक्क्यावर, बाजारात, सरकारात, जिथे कोणी न दिसणारी वस्तू विकतो तिथे त्याला अडवायला होती. मी त्या बंदीला 'आमच्यात' म्हणालो. तिथेच घात केला. साहेबांना 'आपल्याला' म्हणायची जागा मीच करून दिली.

परवा सुनावणी आहे. घरं घेतलेल्या लोकांनी मिळून तक्रार केली आहे. बुकिंगच्या त्या मीटिंगमध्ये काय सांगितलं गेलं ते बोलायला कोणी तयार नाही. मी हो म्हटलंय.

काल फोन आला. आवाज तसाच शुद्ध.

"समीर, कसे आहात? ऐकलं, साक्ष देताय. विचार करा. हल्ली तुमच्या लोकांनी शांत राहिलेलं बरं असतं."

मी हसलो नाही. इतका वेळ नाही, की त्यांना वाटलं लाईन गेली.

"हॅलो? समीर?"

"समीर इथे राहत नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको म्हणाली, "तिथे तरी विनोद करू नका."

नाही करणार. परवा आधी नाव विचारतील. पूर्ण सांगणार, अब्बांच्या नावासकट. मग ते चार शब्द. काकी येणार आहे. तिला कमी ऐकू येतं हल्ली, आणि ती मागच्या बाकावरच बसते.

तिथवर ऐकू गेलं पाहिजे.