सुभेदारीण काकूंचं मेक्सिको

सुभेदारीण काकूंना न येणारी भाषा वाचता यायची. 'वाचता' हा शब्द मी विचार करून वापरते आहे. पलूसला त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी पाहिलं, तर पुढच्या पत्र्याच्या पडवीत आठ-दहा पोरं मांडी घालून बसली होती. मध्ये काकू. नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर भलंमोठं रंगीत पुस्तक, आणि ओळीखालून सरकणारं बोट. "आये, बघ आता. ही बाई भाकरी करतीया. जुंधळ्याची न्हवं, मक्याची. आन् तवा बघ, मातीचा हाय." मी मागून डोकावले. लिपी इंग्रजीची, शब्द मात्र एकही ओळखीचा नाही.

"काकू, ही कुठली भाषा?"

"मेक्सिकोची."

"तुम्हाला येते?"

"मला कशाला येतीया," असं म्हणून त्यांनी पान उलटलं आणि पुढच्या ओळीखाली बोट ठेवलं.

मी मूळची वाईची. पलूसच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. काकूंचे यजमान फौजेत सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि पुढं आजारानं गेले. नवऱ्याचा हुद्दा काकूंना आयुष्यभर पुरला. मोठी माणसं त्यांना सुभेदारीण म्हणत, माझ्यासारखे काकू म्हणत, आणि ती पडवीतली पोरं चक्क 'आब्वेला' म्हणत. पुस्तकांत आजीला तसं म्हणतात, एवढं त्यांनी उचललं होतं. पोरांच्या आया द्राक्षबागांत छाटणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला जायच्या. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरं काकूंकडे असत. त्याचे पैसे कुणी देऊ केले, तर काकू म्हणायच्या, "गप बस. पुस्तकं एकटीनं वाचली तर मला झोप येतीया."

एकूण अकरा पुस्तकं होती. मेक्सिकोतल्या बाजाराचं एक, पाठीशी शालीत बाळ बांधून चालणाऱ्या बाईचं एक, एक लाकडाच्या चित्रविचित्र प्राण्यांचं. त्यातल्या पंखवाल्या, शिंगवाल्या, अंगभर ठिपके असलेल्या जनावराला काकू "बेंदराचा बैल, पर ताप आल्याला" म्हणत. वाढदिवसाला कागदाचं गाढव टांगून काठीनं फोडतात आणि आतून खाऊ पडतो, असं एका पुस्तकात होतं. ते वाचल्यावर पोरांना राहवेना. काकूंनी जुनी वर्तमानपत्रं आणि कणकेची खळ देऊन तसलं गाढव करवून घेतलं, आत शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे भरले आणि पडवीच्या वाशाला टांगलं. डोळे बांधलेल्या पूर्वाचा पहिला फटका गाढवाला लागलाच नाही, वरचा पत्रा मात्र चेपला. पूर्वा शेजारच्या घरातली, तिसरीत शिकणारी. तिला वाटलं आता मार बसणार. काकू वर बघून म्हणाल्या, "गाढव शानं हाय. अजून एक मार."

ही पुस्तकं त्यांच्या मुलाची, अभिजितची, हे मला आठवडाभरात कळलं. तो इंजिनिअर. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीनं त्याला मेक्सिकोतल्या कारखान्यावर पाठवलं होतं. तिथली भाषा शिकायला म्हणून तो लहान मुलांची चित्रांची पुस्तकं विकत घेई. रविवारी सकाळी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी, फोनवर आईला ती पानापानानं दाखवी आणि आपल्या बोलीत सांगत जाई. पुरतं वाचून झालं की पुण्याला परतणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर पुस्तक पाठवून देई. काकू पोरांना जे वाचून दाखवत, ते अभिजितचं बोलणं होतं. शब्द न् शब्द त्याचा. "आये, बघ आता" हे सुद्धा. तो मध्येच कुठं हसला असेल, तिथं त्या थांबत आणि पान धरून ठेवत. पोरांनाही सवय झाली होती, तीही तिथं गप्प बसत. मी पलूसला आले, तेव्हा अभिजितला जाऊन दीड वर्ष झालं होतं. कारखान्यात जाताना रस्त्यावर अपघात झाला होता.

हे कळल्यावर ती पडवी मला पहिल्यासारखी दिसेना. एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याचा आवाज येतो, याला आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. काकूंचा आवाज वाचताना खरोखरच बदलायचा; थोडा खालचा, थोडा घाईचा व्हायचा. एकदा मी कुतूहलानं मोबाइलवर एका पानाचं भाषांतर करून पाहिलं. पुस्तकात 'आजोबा बाजारात भोपळा विकतात' एवढंच होतं. काकू वाचत, "आजोबा भोपळा इकत्यात, पर मोल करताना आपल्या तात्यावानी खोटं बोलत्यात." मी मोबाइल बंद करून ठेवला. त्यानंतर ते यंत्र मी त्या पुस्तकांवर चालवलं नाही.

रविवारी त्या फोन पितळी डब्याला टेकवून उभा ठेवत. साडेसात वाजले की म्हणत, "आता तिथं उजाडलं." फोन वाजणार नाही हे त्यांना माहीत होतं. वेड्या नव्हत्या त्या. बँकेत, बाजारात, रेशनच्या रांगेत त्यांच्याइतकं शहाणं माणूस सापडलं नसतं. तरी साडेसात ते आठ त्या डब्यासमोरून हलत नसत, आणि त्या अर्ध्या तासात मी माझ्या खोलीत भांडंसुद्धा वाजवत नसे.

पितृपंधरवड्यात तात्या आले. तात्या म्हणजे त्यांचे दीर, पलीकडच्या गल्लीतले. अस्थींची पेटी मेक्सिकोहून आली, तेव्हा त्यांनीच ती कृष्णेत सोडली होती. काकू गेल्या नव्हत्या. सुभेदारांच्या तिथीचं पान काकू न चुकता वाढत. अभिजितचं त्यांनी एकदाही वाढलं नव्हतं.

"वैनी," तात्या उंबऱ्यातच बसत म्हणाले, "दोन वर्सं झाली. पोराचं पान वाढाय पायजे. पितर उपाशी ऱ्हातोय."

"त्यो उपाशी न्हाई."

"आवं, लोक काय म्हणत्यात..."

"लोकास्नी काय? जेवाय वाढलं की त्यो गेला, असं हुतंय. मी न्हाई वाढत."

तात्यांनी टोपी काढली, परत घातली आणि गेले. काकू आत येऊन कपाटावरची धूळ पुसायला लागल्या. तिथं खाकी कागदात बांधलेलं एक पुडकं होतं, वर अभिजितच्या हातचा पत्ता. ते रोज पुसलं जाई, उघडलं मात्र जात नसे. त्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. सहकारी निघायच्या घाईत होता, म्हणून हे पुस्तक अभिजितनं आईला वाचून न दाखवताच पाठवलं होतं. फोनवर लिहिलं होतं, 'पोचलं की मग सांगतो.' पुढच्याच आठवड्यात तो गेला. पुडकं पलूसला आलं, ते दीड महिन्यानं.

"ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाई बग," काकू म्हणाल्या. "ह्यातलं मला कायबी येत न्हाई."

मी उघडून वाचून देते, असं म्हणण्याचा मूर्खपणा मी केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खोलीत निघून गेले.

दिवाळीच्या आधी पूर्वाचे आजोबा वारले. चार दिवस ती पडवीत आली नाही. पाचव्या दिवशी आली, सगळी पुस्तकं चाळून काढली आणि काकूंना विचारलं, "आब्वेला, मेलेली माणसं कुठल्या पुस्तकात हायत?" काकूंनी कपाटावर नजर टाकली. पोरं घरी गेल्यावर मला हाक आली. पुडकं खाली काढलेलं होतं, शेजारी कात्री.

"मास्तरीण, तू काप."

मी कागद कापला. वरच्याच चित्रात टोपी घातलेले हाडांचे सापळे गिटार वाजवत होते, आणि सगळीकडे झेंडू होता, आपला नेहमीचा केशरी झेंडू. काकू दचकल्या. मी पहिलं पान उघडलं. छापलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षरं होती. अभिजितनं अर्थ लिहायला घेतला होता. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्यांदाच, आठवणीतून न सांगता, खरोखर अक्षर लावून वाचू लागल्या.

"आज गावात... मेल्याली माणसं... घरला येणार हायत. कुणी भ्यायचं न्हाई. ती आपलीच हायत."

तीन पानं झाली. चौथ्यावर एक म्हातारी पदरात फुलं घेऊन उभी होती. खाली लिहिलं होतं, 'आजी म्हणती, दारापतूर फुलं टाक, न्हाईतर त्यास्नी घर कसं घावायचं?'

पाचव्या पानावर पेन्सिल नव्हती. सहाव्यावरही नाही. काकूंनी शेवटापर्यंत पानं उलटली आणि परत पाचव्याशी येऊन थांबल्या. मी हळूच म्हटलं, "पुढचं मोबाइलवर बघू का?"

"नको." त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो दिवस कंचा असतोय तिथं?"

मी सांगितलं, नोव्हेंबरची दोन तारीख.

"मग त्याच दिवशी वाढू. तिथं गेलाय, तर तिथलाच नेम धरायचा."

त्या वर्षी दिवाळी आधीच उरकली होती. दिवाळीनंतर झेंडूला कुत्रं विचारत नाही. एका मळेवाल्यानं दोन पाट्या फुलं फुकट दिली. दोन तारखेला दुपारी काकूंनी आणि पोरांनी रस्त्याच्या वळणापासून दारापर्यंत पाकळ्या टाकल्या. पूर्वानं आजोबांसाठी स्वतःच्या दारापर्यंत एक वेगळी वाट काढून नेली. काकूंनी पान वाढलं. भरलं वांगं, जुंधळ्याची भाकरी, खरडा, दही. पानापुढे अभिजितचा फोटो ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला. बातमी तात्यांपर्यंत पोचली होतीच. ते तणतणत आले, पण पाकळ्यांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत आले. पान बघून त्यांनी टोपी काढली. सवयीनं त्यांनी पत्र्याकडे पाहिलं. "वैनी, कावळा?"

"ह्येला कावळा लागत न्हाई, तात्या. त्यो सवता येतोय."

मग काकू पानापाशी बसल्या. आम्ही सगळे पडवीत उभे होतो. वारा पडला होता, पाकळ्या होत्या तिथंच होत्या. मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पण काकूंनी पदरानं वारा घालायला सुरुवात केली, समोर उन्हातून आलेला माणूस जेवायला बसावा तसा. "जेव बाबा," त्या म्हणाल्या. "सावकाश जेव." अर्धा तास हात चालू होता. तात्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर महिनाभरात एक गोष्ट झाली. बाजाराचं पुस्तक वाचताना काकू अडल्या. बोट भोपळेवाल्या आजोबांखाली होतं, पण शब्द येईनात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गेलं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आवाज येत न्हाई आता." इतके दिवस त्या कशाला भीत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मी जवळ जाणार, तेवढ्यात पूर्वा बसल्या जागेवरून म्हणाली, "आजोबा भोपळा इकत्यात, पर मोल करताना आपल्या तात्यावानी खोटं बोलत्यात." दुसऱ्या पोरानं पुढची ओळ सांगितली, तिसऱ्यानं त्याच्या पुढची. जिथं थांबायचं, तिथं सगळी थांबली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. "व्हय," त्या पुटपुटल्या. "अस्संच म्हणायचा."

पुढचे काही महिने पोरं वाचायची आणि काकू ऐकायच्या. शेवटचं पुस्तक मात्र त्या स्वतः सांगायच्या. पेन्सिलीची चार पानं त्याच्या शब्दांत, पुढची चित्रं बघून स्वतःच्या. दर वेळी पुढचा भाग थोडा वेगळा व्हायचा.

मग माझी बदली वाईला झाली. निरोप घ्यायला गेले, तर काकूंनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "येत जा गं." मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा जायचं ठरवत होते, तेव्हा तात्यांचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. पुस्तकं पूर्वाच्या घरी आहेत, हेही तात्यांनीच सांगितलं.

काकूंचं पान पितृपंधरवड्यात तात्या वाढतात. मी त्यांच्या नात्याची नाही. मला तो अधिकार नाही. पण नोव्हेंबर उजाडला की मी वाईच्या बाजारात जाऊन किलोभर झेंडू घेते. कधी कधी तोवर दिवाळी होऊन गेलेली असते. तेव्हा फुलवाल्या मावशी तागडीत माप टाकता टाकता विचारतात, "सण तर झाला की बाई, आता कुणासाठी नेता?" मी पिशवी पुढे धरते. आणि घरी येऊन रस्त्याच्या वळणापासून माझ्या दारापर्यंत पाकळ्या टाकते.