टेकडी उतरल्यावर

टेकडी उतरून आमची मंडळी नेहमीप्रमाणे मिसळीकडे वळली आणि जोशी पायथ्याच्या बाकावर बसले. काल रात्री रिसेप्शन, पहाटे टेकडी, संध्याकाळी कुणाची तरी साठी. ते काहीच चुकवत नाहीत.

"काय जोशीबुवा, दमलात?" कुणीतरी हसलं.

"छे हो! नाडी सुटलीय."

त्यांच्या बुटांना नाडीच नव्हती. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. मी घाबरलो, कारण हेच उत्तर मीही दिलं असतं. आमच्या शहरात आजारपण चालतं, त्याचे रिपोर्ट कौतुकानं दाखवले जातात; दमणं मात्र चालत नाही.

मी शेजारी बसलो. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"रिक्षा बघा," ते पुटपुटले, "पण यांना कळू देऊ नका."