माझं प्रकरण कोणी जिंकलं

१९८६ साली रत्नागिरीत माझं आयकराचं प्रकरण निकाली निघालं आणि मी जिंकलो. कोणामुळे जिंकलो, हे मी खोटं सांगितलं. खरं आजवर कोणापाशी बोललेलो नाही — तुमच्यापाशी बोलतो.

मी इथल्या एका दैनिकात बातमीदार होतो. पूर्णगडजवळ आमची हापूसची कलमं होती. शिवाय शेजाऱ्यांच्या कलमांवरचं फळ मोहोरावरच विकत घेऊन मी मुंबईला पाठवायचो. विवरणपत्र भावोजी भरायचे, थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त हेडक्लार्क. सल्लागार निवडायचा असतो, हे आमच्याकडे कोणाला ठाऊक होतं? तो सोयरिकीतून मिळायचा. आंबा म्हणजे शेती, शेतीला कर नाही, म्हणून भावोजींनी सगळंच शेतीत दाखवलं. नोटीस आली. अधिकाऱ्याने उलट सगळाच व्यापार धरला. कर भरायचा तर बाग विकावी लागणार होती.

मी गुपचूप कुंदाताईंकडे गेलो. तरुण चार्टर्ड अकाउंटंट, कार्यालय नवं, अशील जवळजवळ नाहीतच.

"कलमं कोणाची, ते सांगा आधी," त्या म्हणाल्या. "पेटीत सगळा आंबा सारखाच दिसतो हो!"

आमच्या कलमांचं फळ शेती, विकत घेतलेलं व्यापार — त्यांनी दोन्ही वेगळं केलं. व्यापारावरचा कर मला मुकाट भरायला लावला. बाकीची मागणी रद्द झाली. बाग राहिली! त्या दिवशी मी कचेरीच्या पायऱ्या उड्या मारत उतरलो.

संध्याकाळी हॉटेलात बागायतदार जमले होते. भावोजीही होते.

"कोणी सोडवलंन रे तुला?"

"आमच्या भावोजींनी."

"मी म्हटलं, त्या नव्या बाईने की काय."

"बाईमाणसाला आंब्यातलं काय कळतंय!" मी म्हणालो.

सगळे हसले. भावोजी बशीतला चहा फुंकत राहिले.

का बोललो तसं? भावोजींचा मान राखायला? — नाही. बाईकडे गेलो, हे सांगायची लाज वाटली. त्या टेबलावरचे लोक सल्लागार शोधत होते. ते भावोजींकडे गेले. कुंदाताईंचं कार्यालय वर्षभर रिकामं राहिलं.

पुढच्या वर्षी त्या सगळ्यांना नोटिसा आल्या. भावोजींनी हात वर केले. मग एकेक करून ते कुंदाताईंच्या पायऱ्या चढले आणि त्या एकूण एक प्रकरणं जिंकल्या. बागायतदारांनी त्यांचा जाहीर सत्कार केला, सभागृहात उभं राहायला जागा नव्हती.

बातमी मी लिहिली. कुंदाताईंचं नाव पहिल्या ओळीत होतं. माझ्या प्रकरणाचा उल्लेख नव्हता.