मिस्त्री स्वतःच्याच दाराशी

कोर्टाच्या बेलिफाला गल्लीबोळांत सगळे ‘धाड’ म्हणायचे आणि त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. थकलेल्या दंडासाठी जप्तीचं वॉरंट घेऊन तो उभा राहिला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. बंद घर उघडायचा अधिकारही त्या कागदात असे. पण अधिकार कागदाचा, हात मिस्त्रींचे. किल्ल्या बनवणारे हे म्हातारे मिस्त्री अकरा वर्षं त्याच्याबरोबर जात होते. कुलूप त्यांनी कधी फोडलं नाही. आधी चपला काढायच्या, तीनदा कडी वाजवायची, “घरात कोणी असलं तर बोला, आम्ही आत येतोय,” म्हणायचं, आणि मग तारेने हळूच उघडायचं. उघडलं की ते बाहेरच थांबत. रिकाम्या घराला कसली वर्दी देता, म्हणून बेलिफ त्यांची थट्टा करायचा.

त्या सोमवारी गठ्ठ्यात मिस्त्रींच्याच नावाचं वॉरंट निघालं. दुकानाचं काउंटर फूटपाथवर आल्याचा दंड होता. त्याच साली बायकोचं ऑपरेशन झालं आणि दंड राहून गेला. मिस्त्रींनी त्याबद्दल कधी अवाक्षरही काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून बेलिफाने कोर्टातल्या साहेबांकडे खेटे घातले, पण साहेबांनी हात वर केले. शेवटी त्याने मिस्त्रींना नेहमीसारखा निरोप धाडला, पण कुणाच्या घरी जायचंय ते सांगितलं नाही. स्वतःच्या गल्लीत वळताना मिस्त्रींना कळलं. ते थांबले मात्र नाहीत.

दाराला कुलूप होतं, बायको लेकीकडे गेली होती.

“किल्ली असेल ना खिशात?” बेलिफ खालच्या आवाजात म्हणाला.

“आहे की. पण किल्लीनं उघडलं तर मी घरी आलो असं होईल, साहेब. आज कागद घेऊन तुम्ही आलाय.”

मिस्त्रींनी चपला काढल्या. स्वतःच्या दाराची कडी तीनदा वाजवली. “घरात कोणी असलं तर बोला, आम्ही आत येतोय.” जिन्यात शेजारीण बघत होती, तरी त्यांचा आवाज कापला नाही. लोकांना रडताना, शिव्या घालताना, पाया पडताना बेलिफाने खूप पाहिलं होतं. हे कधी पाहिलं नव्हतं. त्याने नकळत पायातले बूट काढले.

मिस्त्रींनी तारेने कुलूप उघडलं, आज तेही आत गेले आणि दुकानातून घरी आणून ठेवलेलं किल्ल्या कापायचं मशीन पुसून पुढे ठेवलं. “घरात किमतीचं एवढंच आहे. न्या.”

“पोटापाण्याच्या अवजाराला हात लावायची मुभा मला नाही, मिस्त्री. कायद्यातच तसं आहे.”

इतकी घरं उघडून दिलेल्या माणसाला हे ठाऊकच नव्हतं, कारण उंबरठ्याच्या आत ते कधी आलेच नव्हते. मशीनवर हात ठेवून ते खाली बसले.

बेलिफाने कपाट, पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ यादीत घेतलं. कामात त्याने कसर ठेवली नाही. शेवटी रकाना होता: लिलावापर्यंत माल ज्या विश्वासू इसमाच्या ताब्यात दिला, त्याचं नाव. या एका नावासाठी तो एरवी अर्धा तास शेजाऱ्यांची दारं ठोठावायचा. आज शेजारीण आपणहून पुढे आली होती. त्याने तिला मानेनेच नको म्हटलं, वॉरंटवर होतं तेच नाव खाली लिहिलं आणि सहीसाठी कागद मिस्त्रींपुढे धरला.