आत्याबाई आणि पुढची दोन चाकं

पुढच्या चाकांवरून मोटारीची पारख करणारी बाई साऱ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि ती माझी अकोल्याची आत्याबाई आहे. तिने जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. तिला साधी स्कूटरही चालवता येत नाही. पण राजेरजवाड्यांच्या जुन्या आलिशान मोटारी हा तिचा जीव की प्राण. त्यांच्या मखमली गाद्या न् चकचकीत दिवे यांच्याशी तिला घेणंदेणं नाही; तिला फक्त पुढची चाकं कशावर तोलली आहेत एवढंच पाहायचं असतं. लहानपणी कोण्या देशमुखांच्या दोन मोटारींत तिला बसायला मिळालं होतं. "एकीत मी ओकली, दुसरीत झोपली. तवापासून फरक शोधून राहिली," असं ती सांगते.

हा फरक ती स्वयंपाकघरात समजावते. लाटण्याच्या दोन टोकांखाली दोन वाट्या उपड्या ठेवायच्या. "ही जुनी तऱ्हा. दोन्ही चाकं एकाच दांडीवर, वरून लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. डावं दगडावर चढलं का उजव्याचीही मान वाकडी!" मग लाटणं काढून वाट्या वेगवेगळ्या नाचवायच्या. "ही नवी. ज्याची स्प्रिंग त्याले." तोवर तव्यावरची पोळी करपते आणि ताटावर बसलेले मामाजी, म्हणजे तिचे यजमान, शांतपणे विचारतात, "अवं, पोळी येऊन राहिली का दुसरी मोटार?"

माझ्या लग्नात, अमरावतीला, वरातीसाठी कोणाची तरी जुनी विलायती गाडी आणली होती. मुहूर्त जवळ आला तरी आत्याबाई सापडेना. शेवटी गाडीखालून पैठणीचा पदर दिसला. सतरंजी अंथरून ती उताणी पडली होती. आई संतापली, तर खालूनच उत्तर आलं, "नवरदेव सारेच पाह्यतात वहिनी, हे कोण पाह्यल?"

मागे मामाजींच्या कण्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं. घरी न्यायची वेळ आली तेव्हा दवाखान्याच्या दाराशी रुग्णवाहिका उभी होती. आत्याबाई आधी स्वतः स्ट्रेचरवर आडवी झाली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, आवारात एक चक्कर मारा." फाटकाजवळच्या गतिरोधकावर ती उठून बसली. "गाडी गुणाची हाय, पण दणके देते, अन् ह्यायची कंबर आत्ताच शिवली." मग तिने माझ्या गाडीचं बॉनेट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, वाकून चाकांमागे डोकावली आणि पसंतीची मान हलवली. टेकून बसवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. मामाजींना पुढच्या सीटवर कलतं बसवलं. ती मागे बसली, आणि सीटच्या फटीतून हात घालून तिने तळवा त्यांच्या कमरेला लावून ठेवला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. मी जीव मुठीत धरून चालवत होतो. मामाजींनी डोळे मिटून ओठ दाबले होते. प्रत्येक खड्ड्याला कण्हायची मात्र आत्याबाई.

थोड्या वेळाने मामाजी म्हणाले, "अवं, ते चाकं वेगवेगळे काहून केले म्हणे त्यायनं? सांग बरं."

आयुष्यभर ज्या व्याख्यानाची त्यांनी थट्टा केली, ते त्यांनी आपणहून मागितलं होतं. आत्याबाईने वर्गातला आवाज काढला. "एकाले धक्का बसला तर दुसऱ्याले बसू नये म्हणून..."

"मंग आपली जुनीच तऱ्हा म्हणायची," मामाजी म्हणाले.

आरशात मला फक्त तिचा डोळ्यांना लावलेला पदर दिसला.

मामाजी बरे झाले, काठी टेकत फाटकापर्यंत फिरू लागले. पुढच्या उन्हाळ्यात मात्र छातीच्या दुखण्याने गेले. आता आत्याबाईला अमरावतीला मीच आणतो. ती गाडीत बसते आणि खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत राहते. अशा वेळी मी मुद्दाम म्हणतो, "आत्याबाई, काही म्हण, त्या कमानीच्या गाड्याच भारी होत्या."

मी मुद्दाम बोलतो हे तिला कळतं. तरी ती माझ्याकडे वळते, पदर सावरते आणि म्हणते, "तुले काही म्हणता काही समजत नाई रे बाबू. ऐक."

मी गाडीचा वेग कमी करतो.