भरलेल्या गाडीचा आवाज

मन्मथआप्पा गेल्याचा निरोप मला वर्कशॉपच्या फोनवर मिळाला. मशीन बंद करून, हात पुसत गेलो तर परळीहून धाकटा भाऊ बोलत होता. "दादा, बांगडीवाले आप्पा गेले. सकाळी गेले, दुपारी माती बी दिली." मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या "बरं"ची मला आजही लाज वाटते. पण तिच्या आधीची लाज मोठी आहे... त्याच्या दोन वर्षं आधी पुण्याकडच्या ह्याच वर्कशॉपात, प्रेसखाली, माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. आणि ज्या माणसानं त्या बोटांना वाजवायला शिकवलं, त्याला ते सांगायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही. दर महिन्याला फोन करायचो. ते विचारायचे, "रियाज चालू हाय ना बे?" मी म्हणायचो, "चालू हाय, आप्पा."

मी शिरूर कासारचा. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे. सातवी झाल्यावर मीही कोयता धरला. विसाव्या वर्षी परळीच्या साखर कारखान्यात पोती शिवायला लागलो. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा चुडा भरायला तिला आप्पांच्या दुकानात नेलं होतं. आप्पांच्या घरच्या, काकू, तिच्या हातात बांगड्या सरकवत होत्या आणि मागच्या खोलीतून बैलगाडी येत होती! चाकाचा आख कुरकुरतो ना, तोच आवाज. मी बोळात डोकावलो, गाडी नव्हती. आत पाहिलं तर आप्पा मांडीवर स्वरमंडळ घेऊन बसलेले आणि जाड तारेवरून अंगठ्याचं नख लांब ओढताहेत. गावोगावच्या नाटकांना ते असे आवाज पुरवायचे. मला काय सुचलं कोण जाणे, बोलून गेलो, "आप्पा, ही रिकामी गाडी हाय. भरलेली अशी न्हाई वाजत." बहिणीनं चिमटा काढला. आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "मग कशी वाजती?" "दबून वाजती. रडू दाबल्यावाणी." ते म्हणाले, "उद्या ड्युटी सुटल्यावर ये."

ते "उद्या" पाच वर्षं चाललं. गवयाच्या मांडीवर सूर धरायला असतं ते हे वाद्य, पण आप्पा त्यातून काय काय काढायचे! तारांमधून सिगारेटच्या पाकिटातली चांदी विणली की गांधीलमाश्या घोंगावायच्या. काचेची बांगडी तारेवरून घसरवली की बाई हुंदका गिळायची. तार मध्यावर नुसती शिवून छेडली की लांबच्या देवळातली घंटा. भरलेली गाडी आम्हाला महिन्याभरानं सापडली: डाव्या हातानं वाद्य धरायचं, उजव्याची करंगळी आणि शेजारचं बोट जाड तारांवर दाबून धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याचं नख ओढायचं. सापडली त्या दिवशी काकू दुकानातून ओरडल्या, "आहो, गाडी आली का बघा, वाट सोडा म्हणावं!" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग गल्लीत केबल आलं. एकदा कुठल्याशा परदेशी चॅनलवर एक गोरी बाई माणसाएवढं उभं तारांचं वाद्य वाजवत होती. हार्प. मधेच ती लाकडावर थापा मारायला लागली, तारांत कागद खोचायला लागली. आप्पा उठून उभेच राहिले. "बघ बे! बाई आपल्यावाणीच करायली! म्हणजे आपण येडे न्हाईत." आणि तेवढ्यात लाईट गेली. वीज बनवणाऱ्या गावात! पुढं आठ दिवस ती बाई पाहिल्याचं ते दुकानात येईल त्याला सांगत होते. ती कापलेल्या नखांनीच वाजवते का, की वाढवलेल्या, एवढं बघायचं राहिलं, ह्याची त्यांना फार हळहळ होती.

त्याच सुमाराला नाटकवाल्यांनी कीबोर्ड आणला. बटण दाबलं की वीज कडाडते, घोडा धावतो. आप्पांना बोलावणी बंद झाली. ते म्हणायचे, "त्या पेटीतला घोडा रोज तेवढीच पावलं टाकतो, दमत न्हाई." कारखान्याचा सीझन संपला, मला कामावरून कमी केलं आणि मी पुण्याकडे आलो. निघताना त्यांनी मला त्यांचं जुनं स्वरमंडळ दिलं. ते माझ्या खोलीत खाटेखाली, चादरीत गुंडाळलेलं पडून होतं. बोटं गेल्यापासून मी चादर सोडलेली नव्हती.

सुट्टी मिळून परळीला पोचलो तेव्हा आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली होती... मांडी घालून, वाद्यापुढं बसावं तसं. मी उजवा हात खिशात घालून दुकानात शिरलो. काकू म्हणाल्या, "काढ तो हात भाईर. ठाव हाय आमाला."

मी हात काढला. काकूंनी मागच्या खोलीत नेलं. स्वरमंडळ जागेवरच होतं, आणि त्याच्या खुंटीला फडक्याची एक पट्टी अडकवलेली.

"तुजी माय बांगड्या भरायला आल्ती, तिनं सांगितलं. दीड वर्स झालं. तवापासनं रोज ही दोन बोटं बांधून बसायचे. मी म्हणलं, आहो, धड हात असून असं कशापायी वाजवायलेत? तर म्हणले, पोराचा हात मला कळू दे."

"मला का नाही बोलले, काकू?"

"म्हणले, लाजतंय लेकरू. सांगंल त्याचं त्यो. तवर वाट काढून ठिवतो." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "घंटा निघाली, माश्या निघाल्या. ती भरलेली गाडी तेवढी निघाली न्हाई. लई चिडायचे."

मी बसलो. वाद्य मांडीवर घेतलं आणि हात तारांवर ठेवला. जिथं बोटं होती तिथलं कातडं आता घट्ट, जाड झालंय. ते सरळ तारांवर टेकलं. आप्पांना हे सापडणं शक्यच नव्हतं, त्यांची बोटं बांधलेली होती, तरी होती. अंगठ्याचं नख ओढलं... आणि ती आली. दबून, ओझ्याखाली, पहिल्यापेक्षाही जड. काकूंनी बोळाकडे मान वळवली आणि तशाच थांबल्या. ठसका लागेपर्यंत हसणारं आत कुणी नव्हतं.

निघताना काकूंनी ती पट्टी माझ्या हातात दिली. गाठ आप्पांनीच मारलेली, डाव्या हातानं आणि दातांनी. मी ती सोडलेली नाही. दोन बोटांपुरतं गोल भोक तिच्यात अजून तसंच आहे. रोज कामावर जाताना हातात घेऊन बघतो... तिच्यात घालायला माझ्याकडे बोटं नाहीत.